मन रमव म्हणजे नेमकं काय करू?

पत्र असं आहे:

‘मावशी, मी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावातली. वय ४७. मिस्टर मुंबईला कंपनीत, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला, मुलगा जुलैपासून पुण्याला इंजिनिअरिंगला. घरात मी आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. गणपतीत घरात अठरा माणसं होती. ती गेली त्या दिवसापासून मला करमत नाही. तसं थोडं जुलैपासूनच होतं. रडू येत नाही, पण काही करावंसंही वाटत नाही. पहाटे साडेतीनला जाग येते, मग सातपर्यंत नुसती पडून राहते. जेवणाला चव लागत नाही. छातीत धडधडतं म्हणून कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आला. गॅस आहे म्हणाले. बचत गटात जाणं सोडलं. रात्री मोबाइल बघत बसते. सासूबाई म्हणतात, “बाहेरचा काय तरी असात, कौल लावून बघूया.” नणंद म्हणते, “तुका काय कमी असा? मन रमय मगे.” मन रमव म्हणजे नेमकं काय करू? ध्यानाचा व्हिडिओ लावून बघितला, डोळे मिटले की जास्तच घाबरायला होतं. कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली माटवीसुद्धा अजून सोडलेली नाही.’

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते. ते तुम्ही माटवीच्या आधी हळूच सरकवून दिलंय, पण मला ते सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसलं. ‘सकाळी जागच आली नाही तर बरं.’ असं कोणी बोललं की आपल्याकडे लगेच ‘शुभ बोल गो’ म्हणून गप्प करतात. मी करणार नाही. हा विचार अनेकांच्या मनात येऊन जातो, थकलेल्या माणसाच्या मनात तर येतोच, आणि तो आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. पण तो आणखी पुढे जातोय का, हे तुम्ही स्वतःला सरळ विचारा. ‘जाग येऊ नये’ याच्या पुढे जाऊन ‘आपण काहीतरी करून घ्यावं’ असं कधी वाटतं का? कसं, कधी, याचा विचार येतो का? उत्तर ‘हो’ असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि १४४१६ हा नंबर लावा. सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि शेजारच्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. आंब्याच्या कलमांवर मारायची औषधं घरात असतील तर ती ठेवलेल्या खोलीला कुलूप लावून किल्ली त्या माणसाकडे द्या. कारण विचारलं तर ‘सासूबाईंना दिसत नाही नीट’ म्हणा. नाहीतर खरं सांगा, ते जास्त चांगलं.

उत्तर ‘नाही, एवढंच वाटतं’ असं असेल, तर पुढे वाचा. पण डॉक्टरांकडे तरीही जायचंय. त्यावर नंतर येते.

‘करमत नाही’ हा शब्द तुम्ही अगदी नेमका वापरलात. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली मी, शेवटची काही वर्षं मानसोपचाराच्या ओपीडीत. तिथे कोणी येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नसे. ‘अंगात कस नाही’, ‘डोकं जड’, ‘छातीत कसंतरी’, ‘अन्न गोड लागत नाही’ असं म्हणत. नैराश्याची मुख्य लक्षणं दोन. एक उदास वाटणं, दुसरं कशात रस न वाटणं. पहिलं नसलं तरी दुसरं असू शकतं. म्हणून ‘पण मी तर रडत नाही’ याने कोणी स्वतःची समजूत घालू नये. पहाटे वेळेआधी जाग येणं, चव जाणं, माणसांतून उठून जाणं, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, हे एकत्र आलं की डॉक्टर त्याची गंभीर दखल घेतात. तुमचं पत्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचं आहे. गणपती जाऊन महिना होऊन गेला.

आता तुमचा प्रश्न. मन रमव म्हणजे काय?

खरं सांगू, जे हा सल्ला देतात त्यांनाही माहीत नसतं. त्यात एक उलटी समजूत लपलेली असते. आधी मन ताळ्यावर आणायचं, मग हातपाय हलतील. तुम्हीही त्याचीच वाट बघत बसलाय, ‘बरं वाटलं की बचत गटात जाईन’. तुमच्या विहिरीवर पंप असेलच. तो महिनाभर बंद राहिला आणि फूटव्हॉल्व्ह जरा गळका असला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. मग बटण कितीही दाबा, मोटर नुसती घुं घुं करते. तेव्हा आपण काय करतो? पंपाला सुबुद्धी होण्याची वाट बघतो का? वरून दोन कळश्या पाणी ओततो. मग तो ओढायला लागतो.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. पीटर लुइन्सोन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हे मांडलं. माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, त्यामुळे दिवसात बरं वाटायला लावणारं काही उरत नाही, त्यामुळे आणखी गळून जातो आणि आणखी सोडतो. हे चक्र करण्याच्या बाजूने तोडायचं, वाटण्याच्या बाजूने नाही. आणि हे फार लांबचंही नाही. तुमच्याकडून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल या मानसोपचारतज्ज्ञांच्या गटाने हीच पद्धत वापरली. तीव्र नैराश्य असलेल्या लोकांशी बोलायला डॉक्टर नव्हे, तर थोडं प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं बसवली. सहा ते आठ भेटी, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेले लोक, ती न मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारले. २०१७ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्यासारख्याच पेज जेवणाऱ्या माणसांवर झालेलं काम आहे, म्हणून मला त्याचं विशेष.

तर पहिली कळशी म्हणजे माटवी. ती आज सोडा. आज म्हणजे हे वाचून झाल्यावर. तुमच्या डोक्यात ते काम डोंगराएवढं झालं असणार, ते मला कळतं. रोज येता-जाता वर नजर जाते, सुकलेला आंब्याचा टाळ दिसतो, लोंबणारं तवसं सुरकुतलेलं दिसतं, आणि आपण किती निकामी झालोय असं वाटतं. स्टूल घ्यायचं, सुतळी कापायची. पूर्ण नाही झालं तर अर्धी सोडा. सासूबाईंना खाली बसवून सुपाऱ्या वेगळ्या करायला द्या.

माटवीला हात लावण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो त्या चौकटीत, कसं वाटतंय त्याला दहापैकी गुण द्या. दोन असेल तर दोन. काम झाल्यावर पुन्हा द्या. दोनाचे आठ होणार नाहीत. तीन होतील, कधी अडीच. कधी दोनच राहतील. पण पंधरा दिवसांत त्या आकड्यांवरून तुम्हालाच दिसेल की कोणत्या गोष्टीने अर्धा गुण वाढतो आणि कशाने उतरतो. माझा अंदाज, रात्रीच्या मोबाइलने उतरत असणार. मी सांगण्यापेक्षा तुमच्या हस्ताक्षरात दिसू दे.

दिवसाला अशा दोन-तीनच गोष्टी ठरवायच्या, वेळ घालून. ‘उद्या बागेत काम करीन’ असं नको. ‘पेज झाली की दहा वाजता मिरचीच्या वाफ्यातलं गवत काढीन, पंधरा मिनिटं’ असं हवं. त्यात एखादी गोष्ट पूर्वी तुम्हाला आवडायची अशी असू दे. आता आवडणार नाही कदाचित, तरी. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण गणपतीत फुगड्या घालणारी, आरतीला टाळ वाजवणारी बाई असणार तुम्ही. कधीतरी काहीतरी आवडत होतंच ना?

पहाटेचं बघू. साडेतीनला जाग येते ती तुमच्या हातात नाही. पण साडेतीन ते सात पडून राहणं आहे. त्या साडेतीन तासांत माणूस आयुष्यातल्या सगळ्या चुका एका ओळीत लावतो, मी लावल्यात. जाग येऊन वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, घड्याळात न बघता, की उठा. मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. लसूण सोला, चिंचेतले चिंचोके काढा. मोबाइल नको, टीव्ही नको. डोळे जड झाले की परत पडा. नाही झाले तर नाही. मात्र काहीही झालं तरी सहाला दिवस सुरू करायचा, रात्री झोप झालेली असो वा नसो, रविवार असो वा एकादशी. आणि उजाडलं की चहाचा कप घेऊन खळ्यात यायचं. आत माजघरात नाही. आपली ती कौलारू घरं दुपारीही अंधारी, आणि पावसाळ्याचे चार महिने तर आभाळही काळं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. आता पाऊस संपलाय, ऊन स्वच्छ आहे, ते फुकट आहे. अर्धा तास बसा. दुपारी लवंडायचं तर वीस मिनिटांचा गजर लावून.

चहाबद्दल कोकणात बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. कोणी आलं की चहा, गेलं की चहा. सोडा म्हणत नाही. पण दुपारी चहा घेतला तर त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. शेवटचा कप दोनच्या आत. संध्याकाळी कोकम सरबत करा, नाहीतर गवती चहाचं पाणी. धडधडीलाही त्याने थोडा उतार पडेल. मोबाइल रात्री साडेनऊला माजघरात चार्जिंगला. उशाशी नाही. ‘मुंबईसून फोन इलो तर?’ म्हणाल. रिंग मोठी ठेवा, ऐकू येईल.

तुम्ही म्हणाल, ‘मी दिवसभर घरात राबते, मला कशाला चालायला सांगता?’ सांगणार आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. व्यायामाने मनाला उतार पडतो हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. पण मला तुम्हाला चालायला लावायचंय ते वेगळ्या कारणासाठी. चुलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या फेऱ्यांत कोणी भेटत नाही. एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेलात तर निदान तिघं विचारतील, ‘खंय चल्लंस?’ समुद्र तुमच्यापासून किती लांब असेल? वेंगुर्ल्याच्या बाजूची सगळी माणसं मला हेच सांगतात की पुळणीवर शेवटचे कधी गेलो ते आठवत नाही, पाहुणे आले की तेवढे जातो. जा की स्वतःसाठी. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर उभ्या राहा. दोराला हात लावणाऱ्याला मूठभर तारल्या मिळायच्या, निदान माझ्या लहानपणी तरी.

ध्यानाचं. तुम्हाला त्यात अपयश आलेलं नाही. मन आधीच घाबरलेलं असताना डोळे मिटून आत बघायला सांगितलं की काही माणसांची घाबरगुंडी वाढते. ते बंद करा. डोळे उघडे ठेवून एवढंच करा: श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यात गूढ काही नाही. आणि खरं तर तेही मोजायला नको. भजनाची एक लांब ओळ एका दमात म्हणताना आपण तेच करतो. गुरुवारी देवळात भजन असेल तर मागे बसा. गाऊ नका हवं तर.

तिन्हीसांजेविषयी तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी मी लिहिते, कारण एकटं घर खायला उठतं ते त्याच वेळी. दिवा लावला, बाहेर काळोख पडायला लागला, कोणाचा फोन नाही. मग हायवेवरचा अपघात आठवतो, मुलाच्या होस्टेलचं जेवण आठवतं, मिस्टरांचं ब्लडप्रेशर आठवतं. यावर माझा एक तोडगा. काळजीला वेळ नेमून द्या. पाच ते साडेपाच. पायरीवर वही घेऊन बसा आणि सगळ्या काळज्या लिहून काढा. त्यातल्या ज्यांचं उद्या काही करता येईल त्यापुढे काय करायचं ते लिहा. इतर वेळी काळजी आली की तिला सांगायचं, ‘पाचला ये’. हसू येईल तुम्हाला. मीही हसले होते. पण पाचला बसल्यावर निम्म्या काळज्या आठवतच नाहीत. मग साडेपाचला वही मिटायची आणि दिवा लावून झाला की तासभर एकट्या राहायचं नाही. सासूबाईंना घेऊन शेजारच्या पडवीत जाऊन बसा. किंवा त्यांना बोलवा. टीव्हीवरची मालिका दोन घरांनी एकत्र बघितली तर तीही चालेल, मी काही मालिकांच्या विरोधात नाही.

आता ज्यावर मला जरा राग आहे ते.

अठरा माणसं. गणपतीत आपल्याकडे घर भरतं, त्याचं सुख मोठं असतं, खोटं कशाला बोलू. पण अठरा माणसांचे घावणे कोणी घातले? गौरीचं कोणी केलं? जाताना नारळ, सोलं, उकडे तांदूळ पिशव्यांत कोणी बांधले? आणि गाडी वळणावरून गेल्यावर भांडी कोणी घासली? अकरा दिवस पाय जमिनीला न टेकता राबलेली बाई बाराव्या दिवशी एकदम रिकाम्या घरात उभी राहते, त्यात तिचा मुलगाही यंदा पहिल्यांदा पाहुण्यासारखा येऊन गेलेला असतो. यात न करमण्यासारखं काय आहे ते तुमच्या नणंदेला कळत नसेल तर नसू दे. ‘तुका काय कमी असा?’ याला एक साधं उत्तर आहे: ‘माणसं’. ते त्यांना एकदा देऊन टाका. आणि त्याच फोनवर विचारा, ‘दिवाळीनंतर पंधरा दिवस आईकडे येऊन राहाल काय? मी पुण्याला मुलाकडे जाऊन येते.’ ८२ वर्षांच्या बाईचं दिवसरात्र करणं हे काम आहे आणि कामाला रजा असते. विचारायला अवघड वाटेल. विचारा. नाही म्हणाल्या तर मिस्टरांनी रजा काढावी.

मिस्टरांना तुम्ही काय सांगता फोनवर? ‘बरा असा. तुम्ही जेवलास?’ हेच ना? तेही तिकडून ‘बरा असा’ म्हणतात आणि दोघं एकमेकांना फसवून फोन ठेवता. एक दिवस ठरवा, समजा बुधवार, रात्री आठ. त्या दिवशी जेवणाबद्दल बोलायचं नाही. असं म्हणा: ‘मला महिन्याभरापासून बरं वाटत नाही. झोप नाही, कशात लक्ष नाही. मी डॉक्टरांकडे जाणार आहे. तुम्ही काही उपाय सांगू नका, नुसतं ऐका आणि दर बुधवारी फोन करा.’ तंतोतंत असंच, कागदावर लिहून वाचलंत तरी चालेल. पुरुषमाणसं उपाय सांगायला धावतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. मुलालाही थोडं सांगा. वीस वर्षांचं पोर काचेचं नसतं. ‘आईला तुझी आठवण येते’ एवढं त्याला कळलं तर त्याचा अभ्यास बुडत नाही.

कौलाचं. सासूबाई म्हणतात तर लावा. मी त्यांच्याशी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. गावकार देवापुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ करून तुमचं नाव घेतो, मागची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, यात एखाद्याला बळ वाटलं तर मला त्यात वावगं दिसत नाही. सगळा गाव तुमच्यासाठी उभा राहिला, हे थोडं नाही. फक्त कौल उजवा येवो की डावा, डॉक्टरांची तारीख बदलायची नाही. आणि कोणी नारळ, कोंबडं यापुढे जाऊन हजारांत पैसे मागितले, अंगारे प्यायला दिले, तर तिथून उठून यायचं.

डॉक्टरांकडे. आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावलं किंवा रक्त कमी असलं तरी अगदी असंच वाटतं आणि ते गोळ्यांनी सुधारतं. तुमचं वय ४७, पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांगा; त्या वर्षांत झोप आणि मन दोन्ही बिघडतात, धडधडही होते. तुम्हाला ‘गॅस’ म्हणून पाठवणाऱ्यांनी यातलं काही विचारलं होतं का? मला शंका आहे. मग मानसोपचार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयांशी जोडलेला आहे, तुमचं ते ओरोसला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलंत तर ओपीडीचा वार सांगतील. आशाताईंना विचारा, त्यांना ठाऊक असतं. जाताना कॅलेंडरचं पान फाडून न्या किंवा फोटो काढा. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, आकडे दिसले की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

‘रत्नागिरीला न्यायला हवी हिला’ ही आपल्याकडची जुनी चेष्टा. ब्रिटिशांच्या काळापासून मनोरुग्णालय रत्नागिरीत, म्हणून. ती चेष्टा ऐकत वाढलेल्या माणसाला ओपीडीच्या बाकावर बसणं किती जड जातं ते मी रोज बघितलंय. टॉवेलने तोंड झाकून बसत. आणि मग पलीकडच्या बाकावर स्वतःच्याच वाडीतलं कोणीतरी निघे.

गोळ्या दिल्या तर घाबरू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. पण पॅरासिटामॉलसारखा तासाभरात गुणही येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, तेव्हाच पुष्कळ लोक सोडून देतात. सोडू नका. बरं वाटल्यावर स्वतःच्या मनाने बंदही करू नका. साधारण बरं वाटल्यानंतरही सहा महिने तरी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. झोपेच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागू शकते. मेडिकलवाल्याला सांगून त्या आणायच्या नाहीत.

मी हे अनुभवाने सांगते. निवृत्त झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात मला असंच झालं होतं. गणवेश कपाटात, बाहेर धो धो, आणि मी दुपारी तीनपर्यंत न विंचरलेल्या केसांनी बसलेली. लोकांना समजावत फिरले जन्मभर, त्यामुळे मला हे होणारच नाही असा एक माज होता. एका डॉक्टरने दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘आता आराम करा’ म्हणाला. आरामानेच तर झालं होतं. चार महिने फुकट घालवले, मग ज्या ओपीडीत नोकरी केली तिथेच केसपेपर काढायला रांगेत उभी राहिले. तिथल्या पोरीने विचारलं, ‘सिस्टर, कोणासाठी?’ म्हटलं, ‘माझ्यासाठी.’

भात कापायला आलं असेल ना? यंदा अर्धेलीने दिलंय की स्वतः करताय, ते लिहिलं नाहीत. स्वतः कापायला उतरू नका एवढ्यात, पण मजुरांची न्याहारी घेऊन शेताच्या बांधावर जा. घरी बसून डबा पाठवू नका.

आणि माटवी सोडाल तेव्हा नारळ टाकू नका. काकड्या, कवंडळं गेली असतील, पण नारळ टिकतो. हलवून बघा, पाणी वाजलं तर फोडा आणि रात्री सोलकढी करा. चव लागली की नाही, ते कॅलेंडरवर लिहा.